लाकडी गादीवाफ्याच्या फळ्या दर पावसाळ्यात का कुजतात

परड्यात लाकडी चौकटीचे वाफे केले, पण दर दोन-तीन वर्षांनी फळ्या बदलाव्या लागतात, अशी तक्रार घेऊन ओळखीतलं कोणी ना कोणी दर दिवाळीनंतर माझ्याकडे येतं. आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "आता कुठलं लाकूड आणू?" दहा वर्षांपूर्वी मीही हेच विचारत होते. त्यापायी दोनदा फळ्यांचा खर्च झाला आणि दोनदा भरलेला वाफा उपसावा लागला. म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. घरामागे वीतभर मातीखाली कातळ लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि कातळात पाणी मुरायला जागा नाही. अशा जागेत माठ, मुळा, वांगी, मिरची घ्यायची तर जमिनीच्या वर चौकट करून माती भरावी लागते. पहिल्या खेपेला आंब्याच्या फळ्या आणल्या. स्वस्त पडल्या आणि दोन पावसाळ्यांत संपल्या. दुसऱ्या खेपेला ऐनाच्या घेतल्या, दीड इंच जाडीच्या, चांगल्या वाळलेल्या. तिसऱ्या वर्षी गणपतीत पडवळ काढायला वाफ्याशी गेले, पायाचा अंगठा फळीला लागला आणि खालची कड भसकन आत गेली.

सुतारकाकांना बोलावलं. मी नव्या फळ्यांचं माप सांगायला लागले तर ते म्हणाले, "वहिनी, थांबा जरा. आधी ही फळी काढून पालथी घालू या." फळी अंगणात उलटी ठेवली. वरच्या आठ-नऊ इंचांत हातोडीचा दांडा मारला की टणटण वाजत होतं. खालच्या दोन बोटांत मात्र नखानं ओरखडलं तरी उसाच्या चोथ्यासारखे तंतू हातात येत होते. दोन्हींच्या मध्ये बोटभर काळपट पट्टा. झाड एक, फळी एक, लावली एकाच दिवशी. लाकूडच वाईट असतं तर सगळी फळी सारखी गेली असती.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकूड, ऊब, ओल आणि हवा अशा चार गोष्टी एकत्र लागतात. ऊब आपल्याकडे बारमाही आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी वाढत नाही. पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूडही सहज कुजत नाही, कारण तिथे हवा नसते. विहिरीच्या तळाशी घातलेली लाकडं वर्षानुवर्षं राहतात ती त्यामुळेच. खरी मारामारी मधल्या पट्टीत होते, जिथे ओल सुकत नाही आणि हवाही मिळते. कुंपणाचा डांब आठवा. तो वरून कुजत नाही, तळाशीही कमी कुजतो, मोडतो तो नेमका जमिनीलगत. वाफ्याच्या फळीची खालची कड ही तशीच जागा आहे, फक्त आडवी आणि आठ फूट लांब.

तेव्हा फळी बदलायच्या आधी ती कुठून गेली ते बघा. हातात एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक लाकडात थोडं रुतवून वर उचकटा. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड जिवंत आहे. तुकडा आखूड, आडवा मोडून आला, जसा शिळा पाव तुटतो तसा, तर तिथे कुज आत शिरली आहे, वरून कितीही चांगलं दिसत असलं तरी. खालची कड, कोपरे, मधला भाग आणि मातीकडची बाजू अशी चारही ठिकाणं टोचून खडूनं खुणा करा. पुढचा सगळा निर्णय त्या खुणांवर अवलंबून आहे.

खालची कड गेली असेल तर

शंभरातल्या बहुतेक वाफ्यांचं दुखणं हेच. फळी थेट जमिनीवर टेकवलेली असते, किंवा "पक्की बसावी" म्हणून चार बोटं जमिनीत गाडलेली असते. गाडणं तर अजिबात नको.

आम्ही तिसऱ्या खेपेला फळीच्या खाली पाया दिला. दर दोन फुटांवर चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा, त्यावर शहाबादी फरशीचा हातभर नाही, तळहाताएवढा तुकडा, आणि त्यावर फळी. फरशी मुद्दाम घातली. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि दिवसचे दिवस ओला राहतो. फळी थेट चिऱ्यावर ठेवली तर तो खालून ओल देत राहतो. फरशी ती ओल वर येऊ देत नाही. फरशी नसेल तर काळ्या दगडाची कपची चालेल.

आता फळी आणि जमीन यांच्यात दीड-दोन इंचांची फट राहते. माती वाहून जाईल ही भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटली होती. आतल्या बाजूनं शेडनेटची दुहेरी पट्टी वीतभर उंच लावून तिचा खालचा भाग आत मातीखाली वळवला, आणि त्या जाळीला टेकून नारळाएवढे दगड रचले. पहिल्या मोठ्या पावसात गढूळ पाणी आलं, चौथ्या दिवशी चहासारखं तांबूस पण स्वच्छ यायला लागलं. त्या फटीतून पाणी बाहेर पडतं आणि वारा आत येतो. पावसानं चार दिवस उघडीप दिली की फळीची खालची कड हाताला कोरडी लागते. मला हवं होतं ते एवढंच.

पण नुसत्या पायानं भागत नाही, वाफा कुठे आहे तेही बघा. आमच्या पाचांपैकी एक वाफा पागोळ्यांच्या रेषेत होता. कौलांवरून पडणारं पाणी जमिनीवर आपटून त्याचे शिंतोडे फळीवर उडायचे. बाहेरून वीतभर उंचीपर्यंत तांबड्या मातीचा थर दिसला की समजा, ही फळी पावसाळाभर क्षणभरही सुकलेली नाही. तो वाफा आम्ही पागोळ्यांपासून चार फूट पलीकडे सरकवला.

दुसरी जागा न्हाणीची. न्हाणीचं पाणी अळवाला, केळीला सोडायची आपली पद्धत चांगलीच आहे. पण ते पाणी लाकडी वाफ्याच्या कडेनं जात असेल तर फळीला एप्रिल-मे सुद्धा कोरडा मिळत नाही. मे महिन्याच्या दुपारी फळीच्या बुडाशी हात लावून बघा. गार, ओलं लागलं तर तुमची अडचण पावसाची नाही, न्हाणीची आहे. त्या वाटेवर अळूच राहू द्या.

वाफ्यांच्या मध्ये सहा इंचांचा चर काढा आणि त्याला उतार द्या, दहा फुटांना इंच-दीड इंच पुरतो. कातळावर चर खणता येत नसेल तर वाफ्याच्या वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध घालून येणारं पाणी बाजूनं काढून द्या. वाफ्याच्या तळाशी खडीचा थर घातला की निचरा होतो असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडकून राहतं. खडी घालायची तर फळीच्या बाहेर, चालायच्या वाटेवर घाला. तिथे ती शिंतोडे थांबवते.

मातीकडची बाजू गेली असेल तर

हे प्लास्टिकमुळे होतं. लाकडाला माती लागू नये म्हणून आतून ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक ठोकतात. मीही दुसऱ्या खेपेला तसंच केलं होतं. वरून पाणी प्लास्टिक आणि फळी यांच्यामध्ये उतरतं आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. प्लास्टिक सोलून काढलं तेव्हा मागे पांढऱ्या बुरशीचं जाळं आणि तळघरासारखा कुबट वास. प्लास्टिक नसतं तर ती फळी थोडी जास्त टिकली असती, असं मला आजही वाटतं.

लावायचंच असेल तर आधी फळीवर दर फुटावर अर्ध्या इंचाच्या रिपा उभ्या ठोका आणि प्लास्टिक त्या रिपांवर लावा, म्हणजे मागे हवा खेळते. खालचं टोक मोकळं सोडा, फळीखाली दुमडू नका. आणि वाफ्याच्या तळाला प्लास्टिक कधीही नको, त्याची टाकी होते.

कोपरे सुटत असतील तर

फळीच्या टोकाकडून पाणी जेवढं आत शिरतं तेवढं बाजूनं शिरत नाही. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी वर चढत होतं त्या नळ्या टोकाला उघड्या पडतात. कोपऱ्यात दोन फळ्यांची टोकं भेटतात, तिथेच आपण खिळे मारतो, आणि खिळ्याच्या भोकातून आणखी पाणी जातं.

खिळा काढून त्याच्याकडे नीट बघा. ऐन, बाभूळ, खैर अशा लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. साध्या लोखंडाशी ते ओलीत मिळालं की खिळ्याभोवती शाईसारखं काळं वर्तुळ उमटतं. माझ्याकडे असा एक खिळा जपून ठेवला आहे: डोकं शाबूत, टोक शाबूत, आणि मध्ये जिथे दोन फळ्यांचा सांधा होता तिथे काडीएवढा बारीक झालेला. जोर आला की तो तिथेच तुटतो आणि कोपरा उघडतो.

खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे किंवा जस्ताचा जाड मुलामा दिलेले स्क्रू घ्या. फळीच्या जाडीच्या दुप्पट लांबीचे तरी हवेत. दीड इंची फळीला तीन इंची. आधी बारीक भोक पाडून घ्या, नाहीतर टोकाला फळी चिरते. आणि एका फळीतून दुसरीच्या टोकात स्क्रू आवळायचा नाही, तिथे तो धरत नाही, माती ओली झाली की सरळ उपटून येतो. कोपऱ्यात आतून तीन इंच जाडीचा उभा खुंट ठेवा आणि दोन्ही फळ्या बाहेरून त्या खुंटाला आवळा. खुंटाचं बूडही जमिनीपासून वर, फरशीवर.

फळ्यांची टोकं बसवायच्या आधी जवसाच्या कच्च्या तेलात बुडवून ठेवा, पितील तेवढं पिऊ द्या. तेल घातलेल्या आणि न घातलेल्या टोकांतला फरक दुसऱ्याच पावसाळ्यात दिसतो.

फळीला पोट आलं असेल तर

हे कुजण्यापेक्षा वेगळं दुखणं आहे, पण लोक दोन्हींना एकच समजतात. आषाढात एका सकाळी उठून बघावं तर आठ फुटी फळी मधोमध तीन इंच बाहेर आलेली, मातीला लांब भेग पडलेली, आणि भेंडीची एक ओळ त्या भेगेत कललेली. टोचून बघितलं तर लाकूड ठणठणीत.

आठ फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच वाफ्यात सुमारे ९०० लिटर माती बसते. उन्हाळ्यात ती टनभर असेल, पावसात भिजली की दीड टनाच्या वर जाते. ती नुसती खाली दाबत नाही, बाजूलाही रेटते. माझ्या हिशेबानं एक फूट उंचीच्या वाफ्यात आठ फुटी फळीवर चिंब ओल्या मातीचा रेटा १०० ते १५० किलोच्या घरात जातो. दोन धडधाकट माणसं आतून फळीला पाठ लावून सतत ढकलत आहेत असं समजा. आणि उंची वाढवली की हा रेटा उंचीच्या वर्गानं वाढतो. वाफा दीड फूट केला तर रेटा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. कमरेला वाकायचा त्रास नको म्हणून उंच वाफा करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण एक फुटाला पुरलेली फळी तिथे पुरत नाही.

उपाय सोपा आहे. एक इंची फळी आठ फूट लांबीला वापरू नका, निदान दीड इंची घ्या. दर तीन-चार फुटांवर बाहेरून उभा आधार द्या. आमच्यासारखा कातळ असेल तर आधार जमिनीत रोवता येत नाही, मग समोरासमोरच्या दोन फळ्या एकमेकींना बांधा. वाफ्याच्या मधोमध, निम्म्या उंचीवर, ८ गेजची जस्ताची तार दुहेरी घालून बाहेरून वॉशर आणि छोटी पट्टी लावायची. तारेच्या दोन पदरांत काठी घालून पीळ दिला की ताण हवा तेवढा घेता येतो. मातीत पुरल्यावर तार दिसत नाही, खुरपं जरा सांभाळून चालवावं लागतं एवढंच.

पोट आलेली फळी ओल्या मातीसकट मागे ढकलायला जाऊ नका. स्क्रू तुटतात. पाऊस संपू द्या, मग फळीलगतची वीतभर माती काढा, तार घाला आणि रोज थोडा थोडा पीळ देत आठवड्यात ती जाग्यावर आणा. दीड इंची ऐनाची फळी आम्ही अशी सरळ केली आहे.

याच्याच जोडीला आणखी एक. आठ इंच रुंदीची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना सहज पाव इंच फुगते. फुगते ती रुंदीत, लांबीत जवळजवळ नाही. एकावर एक दोन फळ्या लावताना मे महिन्यात त्या घट्ट बसवल्या तर जुलैत त्यांना जायला जागा उरत नाही आणि वरची फळी स्क्रूसकट उचलली जाते. मध्ये पाव इंचाची फट सोडा.

मातीच्या नळ्या दिसल्या तर

वाळवी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीचा थवा आला की दुसऱ्या दिवशी वाफ्यांच्या भोवती फेरी मारायची. जमिनीतली वाळवी उजेडात येत नाही, मातीची नळी बांधत लाकडापर्यंत चढते. फळी जमिनीला टेकलेली असेल तर तिला नळी बांधायचीही गरज नाही, ती आतल्या आत खात जाते. बाहेरचा पापुद्रा तेवढा राहतो, कागदासारखा, आणि आत मातीनं भरलेल्या पन्हळी.

फळी दगडावर असण्याचा दुसरा मोठा फायदा इथे मिळतो. वाळवीला चिऱ्यावरून चढावं लागतं आणि नळी दिसते. दर पंधरा दिवसांनी खराट्यानं चिरे झाडून काढले की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मी पाच वर्षं हेच करते आहे, औषध एकदाही मारलेलं नाही.

घराच्या पायाला मारतात ते वाळवीचं औषध भाजीच्या वाफ्याला चुकूनही मारू नका, ते मातीत राहतं. आणि वाळवीला आमंत्रण देणाऱ्या गोष्टी आपणच वाफ्यात भरत नाही ना ते बघा. तळाला ओंडके, फांद्या, पुठ्ठे भरले की माती कमी लागते आणि खत होतं, हा सल्ला थंड प्रदेशात ठीक असेल. आपल्याकडे वाळवी तिथे वस्तीला येते आणि ओंडके संपले की फळीकडे वळते. वाफाही खड्ड्यासारखा बसतो.

तेल, डांबर आणि बाटलीतली औषधं

गॅरेजमधलं जळकं ऑइल फळीला चोपडायची पद्धत गावोगाव आहे. कुंपणाच्या डांबाला कोणी लावलं तर मी काही म्हणणार नाही, पण भाजीच्या वाफ्याला नको. त्यात इंजिनाच्या झिजेचे जड धातू आणि जळण्यातून तयार झालेली विषारी संयुगं असतात, आणि आपण त्याच मातीतला मुळा खाणार. डांबराचंही तेच.

बोरॅक्स आणि बोरिक पावडर घरातल्या लाकडाला उत्तम. उघड्यावर मात्र पावसात धुऊन जाते, आणि धुऊन जाते ती आपल्याच मातीत. बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा करपतात. सुपारीला मारून उरलेलं बोर्डो मिश्रण फळीला फासणारेही खूप आहेत. त्यातल्या मोरचुदानं बुरशीला थोडा अटकाव होतो खरा, पण साध्या लोखंडाचे खिळे ते खाऊन टाकतं.

काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे होड्यांना, लाकडाला लावत आले आहेत आणि ते काम करतं. ते फक्त बाहेरच्या बाजूला, भर उन्हाळ्यात, पूर्ण वाळेपर्यंत माती न भरता. हातात जाड हातमोजे हवेतच. ते अंगावर उडालं तर कातडी भाजल्यासारखी सोलते, माझ्या जावेच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. घरात लहान मुलं असतील तर जवसाचं तेलच बरं. कडक उन्हात दोन हात, मध्ये आठवडाभर सुकू द्यायचं, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा.

दाब देऊन रसायन मुरवलेलं हिरवट लाकूड काही ठिकाणी मिळतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं ते जुनं मिश्रण आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली शोधलं आणि जगभर वापरलं गेलं. खांबांना, रेल्वेच्या लाकडांना ते उत्तम. पण आर्सेनिकमुळे २००३च्या अखेरीला अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबवलं. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी त्याआधीच्या जुन्या डेकच्या, म्हणजे घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, फळ्या फुकट मिळाल्या तरी भाजीला वापरू नयेत.

लाकूड घेताना

सगळ्यात शेवटी लाकूड, कारण वरचं सगळं झालं नसेल तर सागवानही कुजेल. फणसाचा पिवळा गाभा आणि पिकलेल्या सागाचा गाभा सगळ्यात टिकाऊ, वाळवीही त्यांना लवकर लागत नाही. पण गाभाच. सालीलगतचं पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, लवकर जातं. बागेतल्या कोवळ्या सागाची फळी घेताना टोक बघा. निम्मी फळी पांढरी असेल तर "साग आहे" म्हणून जादा पैसे देऊ नका. ऐन, किंजळ मध्यम. आंबा, सुरू आणि खोक्यांचं पाइन दोन-तीन पावसाळ्यांचे पाहुणे. बांबू मातीला लागला की दोन वर्षं.

खोक्यांच्या फळ्यांवर शिक्का बघून घ्या. "एचटी" म्हणजे उष्णतेनं किडीमुक्त केलेलं, ते चालेल. "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते परत करा. आणि "एचटी" म्हणजे कुजणार नाही असं नाही. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशीच्या किडी मेल्या, उद्याच्या वाळवीला बंदी नाही.

आम्ही तिसऱ्या खेपेला जुन्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हाचे वासे चिरून घेतले. साठ-सत्तर वर्षं चुलीच्या धुरात वाळलेलं लाकूड, आता आळोखेपिळोखे देत नाही. रंग दिलेलं जुनं लाकूड असेल तर सोडून द्या, जुन्या रंगात शिसं असायचं. परड्यातलंच झाड तोडून फळ्या काढायचा विचार असेल तर आधी वन खात्याकडे चौकशी करा. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही सगळी १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत, झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते.

पुण्या-मुंबईतल्या गच्चीवरच्या वाफ्यांबद्दल एकच सांगते, कारण तिथे फळीपेक्षा खालचा स्लॅब महत्त्वाचा आहे. एक फूट ओल्या मातीचं वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जातं, आणि घरांच्या गच्चीचा स्लॅब करताना माणसांच्या वावराचं वजन दर चौरस मीटरला साधारण १५० ते २०० किलो धरलेलं असतं. इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय तिथे फूटभर मातीचा वाफा करू नका. कोकोपीट आणि कंपोस्टचं हलकं मिश्रण, सहा-आठ इंच, आणि तेही तुळईच्या वर.

एकच फळी बदलायची असेल तर

पूर्ण वाफा उपसायची पाळी येऊ नये म्हणून आता आम्ही बाजूची एक रुंद फळी लावतच नाही. खाली चार इंची, वर आठ इंची अशा दोन लावतो. कुज खालीच लागणार हे माहीत असल्यामुळे खालची चार इंची फळी बदलायचीच असते. तिचे स्क्रू वेगळे, बाहेरून सुटणारे.

गेल्या फेब्रुवारीत अशी एक बदलली. हे काम माघ-फाल्गुनातच करा, माती कोरडी आणि लाकूडही कोरडं असतं. आधी मधली तार घट्ट आहे ना ते बघितलं, म्हणजे वरची फळी जागची हलत नाही. फळीलगत तीन बोटं रुंद माती खुरप्यानं तळापर्यंत मोकळी केली आणि तिथे जुन्या पत्र्याची पट्टी उभी सरकवली, ती माती धरून ठेवते. स्क्रू काढले. दोन गंजून बसले होते, त्यांच्या डोक्यावर तेलाचे थेंब टाकून रात्रभर ठेवलं तेव्हा सकाळी फिरले. जुनी फळी खालून बाहेर ओढली, फरशीचे तुकडे झाडले, एक चिरा खचला होता तो सारखा केला. आधीच तेल पाजून ठेवलेली नवी फळी आत सारली, वर पाव इंचाची फट ठेवून आवळली आणि पत्रा वर खेचून काढला. वाफ्यातली वांगी तशीच उभी होती. दोघांना मिळून दीड तास लागला, आणि काढलेल्या फळीचं चांगलं निघालेलं लाकूड कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावलं.